पानात पाचच पदार्थ

भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात वजन आणि साखर दोन्ही वाढलेली माणसं रोज येतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट फार लवकर ध्यानात येते. घरच्या जेवणाचा हिशेब बहुतेकांना नीट देता येतो: दोन भाकऱ्या, वाटीभर भाजी, भात कमी केला, रात्रीचं गोड बंद केलं. घोडं अडतं ते उंबरठ्याबाहेर. कारखान्यात व्यापारी आला की कटिंग, गोदामात ट्रक लागला की कटिंग. प्रत्येक कटिंगमध्ये दोन चमचे साखर धरली, तर पाच कटिंगमध्ये दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. शनिवारी मित्रांबरोबर हायवेवरचा ढाबा. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांत हळदी, आणि हळदीला मटण नि तांदळाची भाकरी. रमजानमध्ये इफ्तार, ईदला घरोघरी शीरखुर्मा. यातल्या बहुतेक वेळी पोटात भूक नसते. समोरच्याचं मन मोडवत नाही, म्हणून हात पुढे होतो.

हे नुसतं मनाचं दुबळेपण नव्हे. १९८९ साली जॉन द कॅस्ट्रो या अमेरिकी संशोधकाने लोकांना आपण काय, किती आणि कोणाबरोबर खाल्लं याची रोजनिशी ठेवायला सांगितली. इतरांच्या सोबतीने घेतलेलं जेवण एकट्याने घेतलेल्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्के मोठं निघालं. ओळखीचं, आवडीचं माणूस सोबत असलं की बैठक लांबते, आणि बैठक लांबली की हात ताटाकडे जात राहतो.

चारचौघांत बसून आपलं ताट आपल्याच ताब्यात ठेवायचं कसं, या एका प्रश्नाशी जन्मभर झुंजलेला आणि त्या झुंजीची बारीकसारीक नोंद स्वतःच लिहून ठेवलेला माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्यांना वजन कमी करायचं नव्हतं, हे आधीच सांगतो. १९३९ सालच्या नोंदीप्रमाणे त्यांचं वजन ४६.७ किलो आणि बीएमआय १७.१ होता, म्हणजे आजच्या मापाने ते कमी वजनाचेच. खाण्यावर बंधनं घालण्यामागची त्यांची कारणंही वेगळी होती. पण मित्राच्या टेबलावर बसून ठरवलेलं न खाण्याची अडचण त्यांची आणि माझ्या रुग्णांची एकच आहे. त्यांचं आयुष्य मी त्या एका बाजूने सांगतो.

सुरुवात मोडण्यापासूनच झाली. राजकोटला शाळेत असताना थोरल्या भावाच्या एका मित्राशी मोहनची गट्टी जमली. हा मित्र अंगाने दणकट, धावण्यात आणि उड्या मारण्यात पुढे. मोहन किरकोळ आणि भित्रा. इंग्रज मांस खातात म्हणून बळकट आहेत आणि आपल्यावर राज्य करतात, असं मित्राने त्याच्या डोक्यात भरवलं. वैष्णव घरातल्या या मुलाने नदीकाठी आडोशाला पहिल्यांदा बोकडाचं मटण खाल्लं. ते त्याला कातड्यासारखं चिवट लागलं आणि रात्री पोटात बोकड ओरडतोय असं वाटत राहिलं. तरी पुढे वर्षभरात पाच-सहा वेळा असे बेत झाले, आणि हळूहळू चवही आवडू लागली. हे थांबलं ते चवीमुळे किंवा पचनामुळे नव्हे. घरी आलं की आई जेवायला बोलवायची आणि भूक नाही म्हणून खोटं सांगावं लागायचं. ते खोटं सोसवेना म्हणून त्याने मित्राला नाही म्हटलं; दोस्ती मात्र सोडली नाही. मांस खाणं चांगलं की वाईट हा आपला आजचा विषय नाही. मला लक्षात घ्यावीशी वाटते ती मैत्रीची ताकद: न आवडणारी वस्तूसुद्धा माणूस मित्रासाठी पाच-सहा वेळा खातो.

१८८८ साली मोहनदास बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले. परदेशी मुलगा बिघडतो असं आईच्या कानावर आलं होतं. बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समोर मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श न करण्याची शपथ झाली, तेव्हा कुठे पुतळीबाईंनी परवानगी दिली. ४ सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटली. बोटीवर जेवणघरात जाऊन कशात मांस आहे नि कशात नाही हे विचारायचा धीर होईना, म्हणून घरून नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर त्यांनी खोलीतच दिवस काढले. एक इंग्रज सहप्रवासी कळवळ्याने सांगत राहिला, की पुढे थंडी वाढेल तेव्हा मांसाशिवाय निभावणार नाही.

लंडनमध्ये हेच रोज सुरू झालं. ज्या मित्राकडे ते महिनाभर राहिले, तो त्यांच्या काळजीनेच बोलत असे. अशिक्षित आईसमोर घेतलेली शपथ ही काय शपथ आहे, असा त्याचा युक्तिवाद. त्याने बेंथॅमचा ग्रंथसुद्धा वाचून दाखवला. गांधींना त्यातलं फारसं कळलं नाही आणि वाद घालताही येईना. आपल्याला उत्तर देता येत नाही हे त्यांनी कबूल केलं आणि शपथ मोडता येणार नाही एवढंच सांगितलं. खरी पंचाईत पोटाची होती. सकाळच्या ओटच्या लापशीने पोट भरायचं. दुपारी आणि रात्री पालक, पाव नि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे झाले की आणखी मागायची लाज वाटायची. वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी खोली घेतली, तिथे त्यांच्या मुली आग्रहाने एखादा तुकडा जास्त वाढत, तोही पुरत नसे. म्हणजे हा मुलगा जवळजवळ अर्धपोटी राहून चुकवाचुकवी करत होता. असं फार दिवस निभत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जे दिवसभर उपाशी राहून रात्री पार्टीला जातात, त्यांचंही निभत नाही. पहिला समोसा दिसला की संपलं.

गांधींचं निभावलं, कारण ते पायी हिंडत खाणावळ शोधत राहिले. रोज दहा-बारा मैल चालणं व्हायचं. एक दिवस फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडलं. विलायतेत आल्यावर पहिल्यांदा ते पोटभर जेवले. दारातच हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकायला होतं, ते विकत घेऊन वाचलं. तोवर जी आईला दिलेल्या वचनाची सक्ती होती, ती त्या दिवसापासून त्यांची स्वतःची निवड झाली. डॉक्टरने सांगितलं म्हणून गोड सोडलेला माणूस आणि आपण ठरवून गोड सोडलेला माणूस यांच्यातही हाच फरक दिसतो. पहिल्याला कुणी आग्रह केला की डॉक्टरला कुठे कळणार आहे, असं वाटतं.

त्यानंतरचा प्रसंग हॉलबर्न रेस्टॉरंटचा. त्याच मित्राने गांधींना नाटकाला बोलावलं आणि त्याआधी या बड्या हॉटेलात जेवण ठेवलं. एवढ्या थाटाच्या जागी हा मुलगा निमूटपणे समोर येईल ते खाईल, असा त्याचा अंदाज असावा. पहिलं सूप आलं. त्यात काय आहे हे मित्राला विचारायची सोय नव्हती, म्हणून गांधींनी वाढप्याला खूण करून बोलावलं. मित्राच्या ते लक्षात आलं आणि तो चिडला. सभ्य लोकांत वागता येत नसेल तर दुसरीकडे जेवून बाहेर थांब, असं त्याने सुनावलं. गांधी उठले आणि आनंदाने बाहेर पडले. जवळचं शाकाहारी भोजनगृह बंद झालेलं होतं, म्हणून त्या रात्री ते उपाशी राहिले. ठरल्याप्रमाणे मित्राबरोबर नाटक मात्र पाहिलं. झाल्या प्रकाराबद्दल दोघांपैकी कोणीच पुढे अवाक्षर काढलं नाही, आणि मैत्री तशीच राहिली.

पान नाकारलं म्हणून माणूस तुटेल, ही भीती माझ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला असते. हॉलबर्नमध्ये नकार चारचौघांत झाला, मित्राचा अपमान झाल्यासारखं झालं, आणि तरी नाटकाची खुर्ची रिकामी राहिली नाही. त्यांनी जेवण सोडलं, संध्याकाळ सोडली नाही. आपल्याकडे उलट होतं. पथ्य पाळायचं म्हणून माणूस मित्रांत जाणंच बंद करतो, महिनाभरात कंटाळतो आणि मग पथ्यच सोडून देतो.

बॅरिस्टर होण्यासाठी तेव्हा अभ्यासाइतकीच ठरावीक मेजवान्यांना हजेरी लागत असे. चौघांच्या टेबलाला वाइनच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या टेबलावर घ्यायला बाकीचे विद्यार्थी उत्सुक असत, कारण मग दोन बाटल्या तिघांत वाटता येत. ते स्वतः पाव, उकडलेला बटाटा आणि कोबी खात. न पिणारा माणूस बैठकीला नकोसा होतो असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही!

अंड्यांचा घोळ वेगळाच होता. अंडं मांसात येतं का, यावर शाकाहारी मंडळींत मतभेद होते. गांधींनी थोडे दिवस अंडी खाल्लीसुद्धा. मग शपथ आईने दिली आहे, तिच्या लेखी अंडं मांसातच येतं, म्हणून ती सोडली. पण पुडिंगमध्ये अंडं, केकमध्ये अंडं. शाकाहारी भोजनगृहातही प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारावं लागे. आज साखर आणि तेलाचं असंच आहे. हॉटेलच्या पनीरच्या रश्शात किती तेल आणि मलई आहे, सरबतात किती साखर आहे, हे दिसत नाही. विचारायला लाज वाटते तिथेच फसगत होते.

१८९१ मध्ये मायदेशी निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शाकाहारी मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. जागा निवडली ती हॉलबर्न रेस्टॉरंटचीच. व्यवस्थापकाशी आधी बोलून पूर्ण शाकाहारी जेवण ठरवलं होतं. मेजवानी छान झाली, गाणी झाली, भाषणं झाली. गांधींचं स्वतःचं भाषण पहिल्याच वाक्यापाशी अडखळलं आणि आभार मानून ते खाली बसले. ज्या जागी तीन वर्षांत कधीतरी त्यांना उठून जावं लागलं होतं, तिथे आता ते यजमान होते आणि पदार्थांची यादी त्यांची होती.

दक्षिण आफ्रिकेतली एक छोटी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तिथे एका ख्रिस्ती कुटुंबाकडे ते दर रविवारी जेवायला जात. घरात पाच वर्षांचा मुलगा होता. गांधी त्याच्याशी बोलताना आपल्या ताटातल्या सफरचंदाचं कौतुक करत आणि त्याच्या ताटातल्या मांसाची थट्टा. मुलगाही त्यांच्यासारखं बोलू लागला, आणि त्याची आई अस्वस्थ झाली. ते लक्षात आल्यावर गांधींनी तिथे जेवायला जाणं थांबवलं, मैत्री ठेवली. वजन उतरू लागलेल्या माणसाला हा मोह हमखास होतो: दुसऱ्याच्या बिर्याणीतल्या कॅलरी मोजून सांगायच्या. पुढच्या वेळी त्याला आग्रह होतो तो थोडा सूड म्हणूनही असतो, असा माझा अनुभव आहे.

त्याच काळात कस्तुरबा आजारी पडल्या. रक्तस्राव थांबत नव्हता. मीठ आणि डाळी सोड, असा आग्रह गांधींनी धरला. त्या ऐकेनात, शेवटी म्हणाल्या, की कुणी सांगितलं तर तुम्हालाही हे सोडता येणार नाही. गांधींनी तिथल्या तिथे स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. कस्तुरबा रडल्या, विनवू लागल्या, मी सोडते पण तुम्ही सोडू नका म्हणाल्या. गांधी मागे हटले नाहीत. त्यानंतर त्यांची तब्येत सुधारली. मिठा-डाळीमुळेच ती सुधारली असं मी डॉक्टर म्हणून म्हणणार नाही. रक्तस्राव असेल तर तपासणीच हवी. पण पथ्य एकाचं आणि ताट दोघांचं, ही गोष्ट मला मोलाची वाटते. नवऱ्याला मधुमेह आहे आणि घरात लाडूचा डबा इतरांसाठी उघडाच आहे, हे चित्र आपल्याला नवीन नाही.

१९१२ साली त्यांनी दूध सोडलं आणि ते जवळजवळ फळं-दाण्यांवर राहू लागले. १९१४ मध्ये लंडनला आले तेव्हा छातीच्या पडद्याला सूज येऊन आजारी पडले. उपचार करत होते जीवराज मेहता, पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे अधिष्ठाता झालेले. त्यांनी दूध आणि धान्य घ्या म्हणून खूप सांगितलं. गांधी ऐकेनात, तेव्हा तक्रार गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे गेली. गोखले म्हणजे गांधींना गुरुस्थानी. स्वतः मधुमेहाने थकलेले, पण गांधींच्या खाण्याची रोज चौकशी करणारे. त्यांनी आज्ञाच केल्यासारखं सांगितलं. गांधींनी तिथे होही म्हटलं नाही आणि नाहीही. चोवीस तासांची मुदत मागितली. रात्रभर विचार करून सकाळी सांगितलं, की बाकी तुमचं ऐकेन, दूध आणि मांस घेणार नाही. गोखले नाराज झाले, पण त्यांनी डॉक्टरांना पुन्हा आग्रह करू नका म्हणून सांगितलं. दुधाच्या बाबतीत मी जीवराज मेहतांच्या बाजूचा आहे. मुदत मागण्याची पद्धत मात्र मी रुग्णांना सांगतो, कारण समोर आग्रह चालू असताना दिलेलं उत्तर बहुधा आपलं नसतं.

पुढच्या वर्षी, १९१५ च्या फेब्रुवारीत, गांधी पुण्यात होते. भारत सेवक समाजाच्या अतिथिगृहासमोरच्या मोकळ्या जागेत गोखल्यांनी त्यांच्यासाठी छोटा मेळावा ठेवला. खायला काय होतं? शेंगदाणे, खजूर आणि त्या ऋतूतली ताजी फळं. पाहुण्याला चालेल तेच यजमानाने सगळ्यांना दिलं होतं. गोखल्यांना बरं नव्हतं, तरी ते हट्टाने आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. त्यांना खोलीत न्यावं लागलं. गप्पा थांबवू नका, असा निरोप त्यांनी आतून पाठवला. १९ फेब्रुवारीला ते गेले, वयाच्या ४८ व्या वर्षी.

मग गांधी कोलकात्याला भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी उतरले. बंगाली आदरातिथ्याने तिथे कळस गाठला. पाहुणा फलाहारी, म्हणून शहरात मिळतील तेवढी फळं आणि सुका मेवा मागवला गेला. घरातल्या बायका रात्र जागून बदाम-पिस्त्यांची सालं काढत बसल्या. सोबतच्या मंडळींसाठी पक्वान्नं वेगळी. गांधींना हे प्रेम सोसेना. याच भावनेत ते एप्रिलमध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्याला पोचले आणि तिथे त्यांनी व्रत घेतलं: हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचाहून अधिक पदार्थ खायचे नाहीत, आणि अंधार पडल्यावर खायचं नाही. आजारपणात औषधही पाचांतच मोजायचं. हे शेवटचं कलम मला मुळीच मान्य नाही. कुणीही औषधाच्या गोळ्या पदार्थांत मोजू नयेत, आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरला न विचारता जेवणाच्या वेळाही बदलू नयेत.

पण पाच पदार्थांची अट विलक्षण आहे. तिच्यात कोणताही पदार्थ निषिद्ध नाही. यजमानाला काही सोडावं लागत नाही. फक्त किती प्रकार करायचे ते त्याला आधी कळतं. आपण बंधन घातलं नाही तर पुढच्या प्रत्येक यजमानाला त्रास होईल, हाच गांधींचा विचार होता. पाचापर्यंत मोजणं लहान मुलालाही येतं. त्यामुळे आज चालेल की नाही असा वाद पंगतीत स्वतःशी घालावा लागत नाही.

यामागे शरीरशास्त्रही आहे. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी कमी होत जाते, पण नवा पदार्थ समोर आला की भूक पुन्हा जागी होते. १९८१ साली बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात एकाच सारणाचं सँडविच मिळालेल्यांपेक्षा चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचं मिळालेल्यांनी सुमारे एकतृतीयांश जास्त खाल्लं. आजच्या लग्नातला बुफे म्हणजे हाच प्रयोग, फक्त चाळीस प्रकारांचा. चाट, चायनीज, पंजाबी, दक्षिणी, मग आइस्क्रीमचा काउंटर. गांधींच्या काळी हे संशोधन नव्हतं. आणि कोलकात्याच्या ताटात तर सगळे आरोग्याचेच पदार्थ होते. सुका मेवा चांगला म्हणून मूठमूठ खाणाऱ्यांसाठी सांगतो: शंभर ग्रॅम बदामांत सहाशेच्या आसपास कॅलरी असतात.

व्रताला तीन वर्षं झाली आणि १९१८ साली नडियादमध्ये त्यांची पुरती दैना झाली. सैन्यभरतीसाठी खेडा जिल्ह्यात हिंडत होते, खाणं शेंगदाण्याचा लगदा आणि लिंबू एवढंच. पोट बिघडलं होतं. सणाचा दिवस होता. दुपारी जेवणार नाही, असं त्यांनी कस्तुरबांना सांगितलं होतं. कस्तुरबांनी त्यांच्यासाठी तेलातली गव्हाची गोड लापशी केली होती आणि वाटीभर मूग. थोडं खाल्लं की तिचं मन राहील आणि आपलीही जीभ शांत होईल, असं त्यांना वाटलं. थोडं राहिलंच नाही, पोटभर खाल्लं. तासाभरात जोराची हगवण सुरू झाली. दूध-तूप नव्हतं, पदार्थ पाचाच्या आत होते. एकही व्रत मोडलेलं नव्हतं. लंडनच्या मित्राला, वडीलधाऱ्या गोखल्यांना नाही म्हणणारा माणूस सणाच्या दिवशी घरच्या लापशीपुढे हरला. आपण मरणार असं त्यांना वाटण्याइतकं ते दुखणं वाढलं.

अशक्तपणा जाईना, म्हणून हवापालटासाठी ते आपल्या जवळच्या माथेरानला आले. तिथलं पाणी जड. शौचाच्या जागी चिरा पडून इतक्या वेदना होऊ लागल्या, की खाण्याच्या विचारानेच धास्ती वाटे. आठवड्यात मुंबईला परतले. डॉ. दलाल यांनी तपासून सांगितलं, की दूध घेतल्याशिवाय हे शरीर मी पुन्हा उभं करू शकणार नाही. गांधींनी व्रत सांगितलं. गाईम्हशींचे हाल करून दूध काढतात म्हणून ते सोडलं होतं. खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, की मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तो धागा लगेच पकडला. गांधी कबूल झाले. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती हे खरं, पण दूध म्हणजे सगळंच दूध, हेही त्यांना कळत होतं. शब्द पाळला आणि आशय मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही. दूध घेतलं, ताकद आली, दलालांनी शस्त्रक्रिया केली. पाच पदार्थांचा नियम चालूच राहिला, आणि १९१९ पासून त्या पाचांत शेळीचं दूध मोजलं जाऊ लागलं.